कोरड्या तळ्याची मोजकाठी

मी एक जुनी लाकडी मोजकाठी आहे. मोजकाठी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे कापडाच्या दुकानातली पट्टी येईल, नाहीतर जमीन मोजणाऱ्यांची साखळी. मित्रांनो, मी त्यांच्या कुळातली नव्हे. मी पाणी मोजते. तेही नदीचे किंवा धरणाचे नाही, तर वर्षातले चार महिने भरणाऱ्या आणि उरलेले आठ महिने ठणठणीत कोरड्या असणाऱ्या एका उथळ तळ्याचे. एवढ्याशा पाण्यात पाय रोवून मी जे पाहिले, ते भर समुद्रातल्या दीपस्तंभानेही पाहिले नसेल. हे मी गर्वाने म्हणत नाही. अजूनही आठवले की माझ्या लाकडाला शहारा येतो, म्हणून म्हणते.

एका म्हाताऱ्या सुताराच्या हातून माझा जन्म झाला. आपल्या धाकट्या सुनेच्या दुकानात तो तिच्यासाठी कापड बेतायचे टेबल करत होता. ही सून कपडे शिवायची आणि सारी गल्ली तिला टेलरताई म्हणायची. टेबलाच्या पायातून एक लांब, सरळ तुकडा उरला, तो मी. कदाचित मी चुलीतच गेले असते. पण त्याच दिवशी कॉलेजातले एक मास्तर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून दुकानात आले. त्यांच्या विजारीची शिवण उसवली होती.

ताईंचे दुकान गल्लीच्या अगदी टोकाला होते. त्यामागे कौलांचा एक बंद पडलेला कारखाना होता. कौलांसाठी वर्षानुवर्षे माती काढून काढून तिथे बशीसारखा खोलगटपणा आला होता आणि पावसाळ्यात त्यात पाणी साचत असे. काठावर फुटक्या कौलांचे ढीग पडलेले असत. मास्तर त्या पाण्यातूनच आले होते.

"एक काठी मिळेल का हो?" त्यांनी सुताराला विचारले. "पाणी मोजायचंय."

"कुठलं?"

"हे मागचं."

"ते डबकं? त्यात काय मोजायचं? पाय घातला की कळतं."

"मला रोजचं हवंय. पाणी किती असताना कुठला बेडूक येतो, कुठं बसतो, अंडी कुठं घालतो, ते बघायचंय."

सुताराने मास्तरांकडे नीट पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि रंधा उचलला. त्याने मला तासले, तीन वेळा तेल पाजले आणि खालचे टोक निमुळते केले. आकडे मात्र ताईंनी घातले. गळ्यातली टेप माझ्या अंगावर ताणून धरत त्यांनी काळ्या रंगाने एकेक रेघ ओढली. दर दहाला लांब रेघ, पाचाला मध्यम, बाकीच्या बारीक. सुताराने मला घडवले खरे, पण मला अक्षरओळख करून दिली ती ताईंनी.

मास्तरांनी मला तळ्याच्या सर्वांत खोल जागी रोवले. जाता जाता ते ताईंना म्हणाले, "तुमच्या खिडकीतून काठी दिसते. रोज दिवेलागणीला आकडा तेवढा वाचून ठेवाल का? आणि कोण ओरडतंय ते. मला रोज जमत नाही."

ताईंनी हो म्हटले. वेगळी वही कुठून आणायची, म्हणून गिऱ्हाइकांची मापे लिहायच्या वहीतच त्या नोंद करू लागल्या. वर 'नर्सबाई, छाती छत्तीस, बाही सोळा' असे असायचे आणि खाली 'पाणी अकरा. भेक चौदा, उत्तरेच्या काठाला, कारखान्याच्या भिंतीपासून नऊ पावले.'

ताईंच्या थोरल्या जाऊबाई दुकानात इस्त्री आणि काजेबटणे बघत. ताई त्यांना अक्का म्हणत. अक्कांची जीभ इस्त्रीपेक्षा गरम होती.

"बेडकांची मापं घेतेस ती घेतेस," त्या म्हणायच्या, "शिवणार काय आहेस त्यांना? सदरा की परकर?"

"आधी येऊ देत तर खरं, अक्का, मग विचारू."

एकदा तर गंमतच झाली. ताईंनी घाईत खालची ओळ वाचली आणि बँकेतल्या कारकुनाच्या सदऱ्याची बाही तळ्याच्या मापाने बेतली. एक्केचाळीस! तो बिचारा सदरा घालून उभा राहिला तर बाह्या गुडघ्याखाली. अक्का हसून हसून इस्त्रीच्या टेबलावर पालथ्या पडल्या. पण त्यानंतरही वही एकच राहिली. मास्तरांची तीन वर्षांनी दूरच्या गावी बदली झाली, तरी नोंदी थांबल्या नाहीत. कोणी मागत नव्हते, कोणी तपासत नव्हते. दिवे लागले की ताई शिवणयंत्रावरून उठायच्या, खिडकीशी यायच्या, डोळे बारीक करून माझ्याकडे बघायच्या. बावीस वर्षे त्यांनी असे बघितले.

आता मी काय पाहिले ते ऐका.

पहिल्या सरींना बेडूक भुलत नसत. माणसे छत्र्या काढत, गल्लीतली गटारे वाहू लागत, तरी तळ्यात शुकशुकाट असे. मातीला आधी तिची तहान भागवायची असते. मग एखाद्या दिवशी पाणी माझ्या दहाव्या रेघेला लागे, आणि फुटक्या कौलांखालून भेक जातीचे बेडूक बाहेर पडत. खडबडीत अंगाचे, फुगीर डोळ्यांचे, संथ. मादी वीतभर पाण्यात गवताच्या काड्यांभोवती फिरत राही आणि तिच्यामागे अंड्यांची दोरी सुटत जाई. पारदर्शक दोरीत ओवलेले काळे मणी, एकेक दोरी दोन-तीन वाव लांब. ताई म्हणायच्या, एवढी सरळ धावदोऱ्याची टीप मलाही जमायची नाही.

पाणी विसाच्या रेघेला आले, उत्तरेच्या उतारावरचे गवत बुडाले, की मोठ्या बेडकांची पाळी. वर्षभर चिखलासारखे मळकट दिसणारे हे बेडूक एका रात्रीत लिंबासारखे पिवळेधमक होत. गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगत आणि त्यांतून असा आवाज निघे की दुकानाच्या खिडकीची काच थरथरे. हे सारे भर दिवसा! गल्ली कामे टाकून बघायला येई. दोन दिवस तो पिवळा गदारोळ चाले आणि तिसऱ्या दिवशी सगळे गायब. पुन्हा मातीच्या रंगाचे, पुन्हा मातीत.

मग अंगठ्याच्या नखाएवढे बारके बेडूक. ते अगदी काठाशी, जिथे जमीन जेमतेम ओली असते तिथे बसत. त्यांची अंडी पाण्यावर एका थरात तरंगत, जणू कोणी मोहरी सांडली आहे. आणि झाडावरचे बेडूक तर पाण्यात उतरतच नसत. तळ्यावर वाकलेल्या एका फांदीवर बसून मागच्या पायांनी ते फेस घुसळत आणि त्या फेसात अंडी लपवत. आठवड्याभराने फेस ओघळे आणि त्यातून पिल्ले टप टप पाण्यात पडत.

बाहेरून ज्याला लोक एक डबके म्हणत, त्याच्या आत अशी किती घरे होती! ज्याची त्याची जागा ठरलेली, ज्याचे त्याचे पाणी ठरलेले. कोणी कोणाच्या रेघेत येत नसे. त्या रेघा कोणी आखल्या, मला अजून कळलेले नाही. माझ्या अंगावरच्या रेघा टेपने आखल्या होत्या. त्यांच्याकडे तर टेपही नव्हती.

पण खरी नवलाई पुढे असे. महिना-सव्वा महिन्याने, पाणी ओसरू लागले की एका पहाटे माशीएवढी बेडकुले काठावर चढत. शेपटीचा ठिपका अजून तसाच. शेकडो, हजारो. कालपर्यंत पाण्यात श्वास घेणारे ते जीव आज हवेत श्वास घेऊन चालू पडत. कुठे जायचे ते त्यांना कोणी सांगितलेले नसे. कौलांच्या ढिगात, गवतात, मातीच्या भेगांत ती शिरून जात. मग तळे आटे, माझ्या पायाशी चिखल तडके आणि मी कोरड्या जमिनीवर एकटी उभी राही.

ताईंना पाणी आटण्याचे दिवस आवडत नसत. आणि एका वर्षी पावसाने मधेच दगा दिला. तेविसाव्या दिवशी तळे आटले. भेकांच्या पिल्लांना पाय फुटायला आठ दिवस हवे होते. चिखलातल्या शेवटच्या ओल्या खळग्यांत ती काळ्या ढिगांनी तडफडत होती. ताईंनी नळावरून बादल्या आणल्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकेक बादली त्या ओतत होत्या आणि भेगा पाणी गिळत होत्या. शेवटी त्या माझ्या शेजारी चिखलातच बसल्या.

अक्का खिडकीतून म्हणाल्या, "अगं, ऊठ. हाताला फोड आलेत. उद्या कैची कशी धरशील?"

"अक्का, पाणी असतं तर वाचली असती सगळी."

"मग जा नगरपालिकेत आणि सांग त्यांना खोल खणायला!"

अक्का हे चिडून बोलल्या होत्या. ताईंनी ते मनावर घेतले.

त्यांनी दोन वर्षे खेटे घातले, अर्ज दिले. तिथे नुकताच एक तरुण इंजिनिअर रुजू झाला होता; त्याला त्यांची तळमळ पटली. उन्हाळ्यात यंत्र आले आणि दोन पुरुष खोल खड्डा झाला. चहूबाजूंनी दगडी काठ उभे बांधले, बाकडी बसवली. वाकडी फांदी बाकावर येते म्हणून छाटली. डास नकोत म्हणून पाण्यात मासे सोडले. छोटासा समारंभ झाला. ताईंना खुर्चीवर बसवून लोकांनी टाळ्या वाजवल्या, वर्तमानपत्रात फोटो आला.

आणि मी? मला उपटून काठावर टाकले होते. इंजिनिअर म्हणाला, "आता बाराही महिने पाणी. मोजायचं काय?" ताईंनी मला दुकानात आणले आणि भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवे ठेवले. माझ्यावर शिवलेले झगे, विजारी, शाळेचे गणवेश टांगले जाऊ लागले. रेघा झाकल्या गेल्या. अक्का मला 'दांडी' म्हणू लागल्या. मित्रांनो, बावीस वर्षे जिने नवलाई पाहिली, तिला कपड्यांची दांडी व्हावे लागले तर काय वाटत असेल, हे मी सांगायला नको. पण समोर खिडकी होती, एवढे माझे नशीब.

पहिल्या पावसाळ्यात बेडूक आले. पिवळे झाले, फुगे फुगवून ओरडले. ताईंचा चेहरा खुलला. मीही खूश होते. महिना झाला, दीड महिना झाला. काठावर एकही बेडकुले चढले नाही. "पाणी खोल आहे, जरा उशीर होत असेल," ताई म्हणाल्या. दुसऱ्या वर्षी आवाज कमी झाला. मासे मात्र हातभर झाले. संध्याकाळी लोक बाकड्यांवर बसून त्यांना चुरा टाकत. तिसऱ्या वर्षी फेसाची घरटी दिसली नाहीत. चौथ्या वर्षी भेकांच्या दोऱ्या दिसल्या, पण दुसऱ्या दिवशी नाहीशा. पाचव्या वर्षी, जोराचा पाऊस होऊन गेल्यावरही, खिडकीची काच थरथरली नाही.

त्या दिवशी ताईंनी शिवणयंत्रावर चादर टाकली. कपाटातून मापांच्या जुन्या वह्या काढल्या आणि बेतायच्या टेबलावर पसरल्या. दोन दिवस त्या पाने उलटत होत्या. मधेच उठून खिडकीतून तळ्याकडे बघत, पुन्हा वाचत. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या हळूच म्हणाल्या, "अक्का, हे बघा. तळं उन्हाळाभर हाडासारखं वाळलेलं असलं, की पुढच्या पावसात बेडकुलंच बेडकुलं. बावीस वर्षांत एक वर्ष सोडून दर खेपेला. आणि त्या वर्षी, मी बादल्या ओतल्या ना, त्याच्या पुढच्या वर्षी तर सगळ्यांत जास्त."

"म्हणजे?"

"वाळत होतं म्हणून तिथं मासे नव्हते. अंडी खायला कोणीच नव्हतं. वाळणं म्हणजे त्यांचं घर झाडून काढणं होतं, अक्का. आणि मी त्यात बारा महिने पाणी भरून ठेवलं."

अक्कांनी इस्त्री उभी केली. त्यांनी वही ओढून स्वतः पाने उलटली.

ताईंनी मास्तरांचा नंबर शोधून फोन लावला. मास्तर निवृत्त झाले होते, त्यांना कमी ऐकू येत होते. तेही मोठ्याने बोलत होते, त्यामुळे मला सगळे कळले.

"मोठे बेडूक किती वर्षं जगतात, सर?"

"बाहेर मोकळ्यावर? सात-आठ वर्षं. फार तर दहा. का हो?"

"पाच वर्षं एकही पिल्लू बाहेर पडलेलं नाही."

मास्तरांनी पलीकडे मोठ्याने वर्षे मोजली. मग मास्तर म्हणाले, "म्हणजे आता जे आहेत ते सगळे म्हातारे. ताई, तुमच्या हातात दोन पावसाळे आहेत. त्यानंतर पाणी असलं काय, नसलं काय, यायला कोणी उरणार नाही."

मग मी ताईंना एक अजब काम करताना पाहिले. त्यांनी खाकी कागदाचे मोठे ताव आणले. सदऱ्याचे बेतकाम जसे आधी कागदावर करतात, तसे त्यांनी जुन्या तळ्याचे बेतकाम सुरू केले. पाणी दहाला असताना काठ कुठे असे, विसाला कुठे, तिसाला कुठे, हे सारे वह्यांत होते. कारखान्याच्या भिंतीपासून किती पावले, झाडापासून किती. दर दहा रेघांना एका कागदात तेवढ्या पाण्याच्या आकाराचे भोक कापले. सर्वांत मोठे भोक वर, सर्वांत लहान खाली, आणि दर दोन कागदांमध्ये पुठ्ठ्याची जाडी. सगळे थर दोऱ्याने टाचले. टेबलावर हातभर लांबीचे, कागदाचे तळे तयार झाले. कुठे किती उतार, कुठे गवत, कुठे कोणाची अंडी, सारे रंगीत दोऱ्यांनी दाखवलेले. पिवळ्या दोऱ्याची टीप उत्तरेच्या उतारावर, काळी भेकांसाठी, हिरवी फांदीखाली. मी भिंतीवरून खाली बघत होते. माझ्या अंगावर गणवेश लोंबत होते, पण खाली माझे सारे आयुष्य मांडलेले होते.

इंजिनिअर आता पूर्वीसारखा शिडशिडीत राहिला नव्हता. त्याच आठवड्यात तो विजार सैल करून घ्यायला दुकानात आला.

"किती वाढवू, साहेब?" ताईंनी विचारले.

"दोन बोटं पुरे."

"चार लिही गं," अक्का इस्त्री न थांबवता म्हणाल्या, "साहेबांना पुन्हा हेलपाटा नको."

इंजिनिअर हसला. ताई हसल्या नाहीत. "साहेब, एक काम बिघडलंय. बिघडवलं मी, हात तुमचे होते."

"तळ्याला गळती लागली का?"

"लागली असती तर बरं झालं असतं. ते पुन्हा उथळ करायचंय. मासे काढायचे, काठ फोडायचे, माती भरायची."

त्याला वाटले, ताई थट्टा करताहेत. "अहो ताई! तुम्हीच खेटे घालून ते खोल करून घेतलंत. आता बुजवा म्हणता? लोक म्हणतील काय?"

"तुम्हाला काही म्हणणार नाहीत. टेलरचं माप चुकलं म्हणतील. आजवर कोणी म्हटलं नव्हतं, आता म्हणतील."

"कोणी म्हटलं नव्हतं कसं? बँकेतल्या बाहीचं विसरलीस?" अक्का म्हणाल्या.

"अक्का, थांबा जरा. साहेब, चुकीचं शिवलं गेलं तर मी उसवते. गिऱ्हाईक हसतं, हसू दे. तोच कपडा त्याच्या अंगावर चढवून त्याला बाहेर नाही पाठवत." आणि त्यांनी कागदाचे तळे त्याच्यासमोर सरकवले.

तो बराच वेळ त्या थरांवरून बोट फिरवत राहिला. पिवळ्या दोऱ्यापाशी थांबला. "हे सगळं तुम्ही खिडकीतून मोजलंत?"

"मी नाही. हिनं." ताईंनी माझ्यावरचा एकेक हँगर काढला. पाच वर्षांनी माझ्या रेघांना उजेड लागला.

इंजिनिअर म्हणाला, "कारखान्याची शेड पाडताहेत. माती आणि कौलं टाकायला जागा शोधताहेत, म्हणजे भराव आहे. पण ताई, लोक माझ्या दारात येतील. हे का केलं ते तुम्ही लेखी द्यायचं."

ताईंनी तिथेच लिहिले. 'तळे खोल करण्याची मागणी माझी होती. ती चूक होती. बेडकांसाठी ते पुन्हा उथळ करावे, ही विनंतीही माझीच आहे.' तो कागद तळ्याकाठच्या फळीवर लावला गेला. सारी गल्ली तो वाचून गेली. औषधांच्या दुकानातले काका भर रस्त्यात म्हणाले, "एवढं सुंदर तळं झालं होतं, त्याचं पुन्हा डबकं करणार? वय झालं बाईंचं!" बाकड्यांवर बसणाऱ्यांनी दुकानात येणे सोडले. काही गिऱ्हाइके दुसऱ्या टेलरकडे गेली. ताई खाली मान घालून शिवत राहिल्या. अक्का मात्र दारात उभ्या राहून सांगत, "वय झालंय म्हणूनच तिला आठवतंय. तुम्हाला मागच्या आठवड्यात काय झालं ते तरी आठवतं का?"

उन्हाळ्यात पंप लावून पाणी उपसले. मासे पकडून ज्या मोठ्या तलावातून आणले होते तिथे नेऊन सोडले. भराव पडला. ताई कागदाचे तळे काखेत धरून उन्हात उभ्या राहायच्या आणि यंत्रवाल्याला सांगायच्या, "इथं नको इतका उतार, भाऊ. इथं अलगद, बाहीच्या गोलाईसारखा." त्याने दोनदा डोक्याला हात लावला, पण केले तसेच. फुटकी कौले काठावर रचली. शेवटी मला खिळ्यांवरून उतरवले, तेल पाजले, पुसट रेघा पुन्हा काळ्या केल्या आणि जुन्या जागी रोवले.

पण त्या पावसाळ्यात काहीच झाले नाही. माती नवी होती, पाणी धरत नव्हती. गढूळ होऊन जिरून जाई. लोक म्हणाले, बघा, तळे मारले बाईंनी. पावसाळा संपला. उन्हात तळ तडकला. आठ महिने मी भेगांत उभी होते. ताई रोज दिवेलागणीला खिडकीशी येत आणि वहीत लिहीत, 'पाणी नाही.' दोनपैकी एक पावसाळा गेला होता.

दुसऱ्या वर्षी माती दबली, बसली. सरी आल्या आणि गेल्या. दहा. बारा. सतरा. पाणी विसाच्या रेघेला लागले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. ताई शिवत होत्या. आणि उत्तरेच्या उतारावर, बुडालेल्या गवतात, एक पिवळा ठिपका दिसला.

मग दुसरा. खिडकीची काच थरथरली नाही, एवढे ते थोडे होते. ताईंनी मोजले, सात नर. पूर्वी शंभरानंतर त्या मोजणे सोडून देत. ते सात जण बोजड, सुरकुतलेले होते, एकाचा डोळा गेलेला. कुठल्या भेगेत, कुठल्या ढिगाखाली, किती कोरडी आणि किती खोल वर्षे त्यांनी वाट बघत काढली असतील! फुगे फुगवून ते ओरडले, आणि गवतातून माद्या पुढे आल्या.

दोन दिवसांनी माझ्या भोवतीच्या पाण्यात अंड्यांचे पुंजके होते. काळ्या दोऱ्याही होत्या. त्यांना खायला या खेपेला कोणी नव्हते.

ताईंनी एकेक दिवस मोजला. पाऊस दोनदा थांबला, तेव्हा त्या शिवण टाकून पुन्हा पुन्हा खिडकीशी येत. पण त्यांनी बादली उचलली नाही. पाणी पंधरावर आले, मग अकरावर, मग माझ्या पायाशी थारोळे तेवढे उरले.

चौतिसाव्या दिवशी उजाडताना त्या तळ्यावर आल्या. धुके होते. त्या चिखलातून माझ्यापर्यंत आल्या, आकडा वाचून परत वळल्या आणि थबकल्या. जमीन हलत होती. पाण्याच्या काठापासून कौलांच्या ढिगापर्यंत सगळा उतार बारीक, ओल्या, उड्या मारणाऱ्या जीवांनी भरला होता. ताईंचा उजवा पाय वर उचललेला होता. तो टेकवायला टिचभर जागा उरली नव्हती. त्या माझ्या वरच्या टोकाला धरून एका पायावर उभ्या राहिल्या. मी त्यांचा सारा भार पेलला.

खिडकीतून अक्का ओरडल्या, "अगं, चहा निवला! काय उभी राहिलीस बगळ्यासारखी?"

"अक्का, पाय टेकवू कुठं?"

"काय?"

"जागा नाही हो! खाली उतरा, बघा तरी!"

अक्का उतरल्या. पायरीवरच थांबल्या. इतकी वर्षे बेडकांना सदरे आणि परकर विचारणाऱ्या त्या बाईने चपला काढून हातात घेतल्या आणि पायरीवर बसून राहिल्या. थोड्या वेळाने औषधवाले काका दुकान उघडायला म्हणून आले आणि तेही रस्त्याच्या कडेला उभे राहिले. ऊन वर येईपर्यंत ताई तशाच एका पायावर होत्या.

मित्रांनो, आता मी खूप जुनी झाले आहे. माझे खालचे टोक कुजत चालले आहे, लवकरच माझ्या जागी दुसरी काठी येईल. त्याचे मला वाईट वाटत नाही. तुमच्या वाटेवर एखादा खोलगट, भेगाळलेला, निरुपयोगी दिसणारा तुकडा लागेल. त्यात कचरा टाकू नका, तो सपाट करू नका, आणि त्याच्यावर दया करून तो खोलही खणू नका. त्याला त्याच्या वेळेला भरू द्या आणि त्याच्या वेळेला आटू द्या. त्याची काळजी घ्यायची असेल तर आधी पुष्कळ दिवस नुसते बघा. आणि ओसरत्या तळ्याच्या काठाने पहाटे कधी चालायची वेळ आलीच, तर पाऊल टाकण्याआधी एकदा खाली वाकून पाहा.